दुसऱ्याचा गेट माझ्या हातात: अश्दोद ते लंडन

मार्च २०१९ मध्ये मी एका ओळखीच्या माणसाचा गेट, म्हणजे ज्यू घटस्फोटाचा लेख, इस्राएलमधल्या अश्दोदहून लंडनला नेला आणि त्याच्या बायकोच्या हातात दिला. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंच्या, समाजात हे काम केलेली माणसं थोडी. ज्यांनी केलंय तीही बोलत नाहीत, कारण विषय घटस्फोटाचा. मला विचारणा झाली तेव्हा मराठीत वाचण्यासारखं काही हाती लागलं नाही. पुढच्या माणसाला इतकं चाचपडावं लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो. दोघांची परवानगी घेतली आहे. नावं मात्र देत नाही.

ज्यांना आमच्या धर्मशास्त्राची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ज्यू शास्त्रात, म्हणजे हलाखात, घटस्फोट न्यायाधीश देत नाही. तो नवरा देतो आणि बायको घेते. बेथ दिन, म्हणजे तीन जणांचं धार्मिक न्यायालय, हे सगळं रीतसर होतंय का ते पाहतं. तोराच्या, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या पुस्तकात, २४ व्या अध्यायाच्या सुरुवातीला सांगितलंय की नवऱ्याने फारकतीचा लेख लिहून तिच्या हातात द्यावा. तो लेख म्हणजे गेट. सरकारी कोर्टाचा हुकूम असला तरी गेट हातात पडेपर्यंत ती बाई शास्त्राने त्याचीच बायको. तशीच तिने दुसरं लग्न केलं तर त्या संसारातली मुलं ‘मामझेर’ ठरतात आणि पुढे त्यांच्या लग्नाची वाट जवळजवळ बंद होते. नवरा एका देशात आणि बायको दुसऱ्या देशात असेल तर नवरा आपला माणूस पाठवू शकतो. त्या माणसाला शालियाख म्हणतात. ‘शेलुखो शेल आदाम केमोथो’, माणसाचा शालियाख म्हणजे जणू तो माणूसच, हा तालमूद या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातला नियम. लग्न जुळवताना, पेसाखच्या सणाआधी घरातलं खमेत्झ, म्हणजे धान्याचं आंबवलेलं अन्न, विकताना, अशा अनेक ठिकाणी तो लागू होतो. पण गेट पोचवताना त्याचं जेवढं ओझं जाणवतं तेवढं दुसरीकडे जाणवत नसावं.

नोव्हेंबर २०१८ च्या शेवटी फोन आला. मुलगा पनवेलच्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा. नात्यातला नाही, पण लहानपणापासून मला काका म्हणतो. तो इथे अश्दोदला गोदामात सुपरवायझर आहे. बायको नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन तीन वर्षांपूर्वी आईकडे लंडनला गेली ती परतली नाही. दोघांनी बरंच ताणून पाहिलं, मग वेगळं व्हायचं ठरवलं. त्याने विचारलं, “काका, तुम्ही मार्चमध्ये ताईकडे लंडनला जाताय ना? माझा गेट घेऊन जाल का?” माझी मुलगी एजवेअरला राहते हे त्याला ठाऊक होतं.

मी लगेच हो म्हटलं नाही. दोघांच्या लग्नात मी जेवलोय. तिची आई माझ्या बायकोची मैत्रीण. असल्या कामात पडलं की कुणाच्या तरी घरची दारं आपल्याला कायमची बंद होतात, ही भीती होती. म्हणून आधी लंडनला फोन लावला आणि तिलाच विचारलं. ती म्हणाली, “काका, अनोळखी माणसाच्या हातून घेण्यापेक्षा तुमच्या हातून घेतलेला बरा.” तिची तिथल्या सरकारी कोर्टातही केस चालू होती. इंग्लंडमध्ये २००२ चा असा कायदा आहे की जोडीदाराने अर्ज केला तर धार्मिक घटस्फोट होईपर्यंत कोर्ट आपला शेवटचा हुकूम थांबवून ठेवू शकतं. इथे तशी वेळ आली नव्हती, नवरा राजी होता. पण गेट लवकर व्हावा असं तिलाही वाटत होतं.

हो म्हणण्यामागे आणखी एक कारण होतं. आमच्या समाजातल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला ते सांगावं लागणार नाही. आम्ही कोकणातून, मुंबई-ठाण्याहून इथे आलो तेव्हा काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, शंका काढली की तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या गेटची रीत नीट पाळली गेली नसणार, मग तुमच्याशी लग्नसंबंध कसे करायचे? १९६० नंतर आमच्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी आई, आजी, पणजीपर्यंत चौकशी होऊ लागली. माझे काका १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला निदर्शनांत बसले होते. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव करून आम्ही सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहोत असं सांगितलं, तेव्हा कुठे ते प्रकरण निवलं. काका त्याबद्दल बोलताना अजूनही आवाज चढवतात. म्हणून आमच्यातल्या कुणाचा गेट असेल तर तो असा चोख व्हावा की पन्नास वर्षांनी कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

इथल्या बेथ दिनकडून पहिली तारीख मिळाली १४ जानेवारी २०१९, सोमवार. फाइल नवऱ्याने उघडली आणि फीही त्यानेच भरली. मी ओळखपत्र, पासपोर्ट आणि लंडनच्या तिकिटाचं बुकिंग घेऊन गेलो. हल्ली पुष्कळदा गेट कुरियरने दुसऱ्या गावच्या बेथ दिनकडे जातो आणि शालियाख तिकडचाच नेमतात. पण जो माणूस लिहिताना समोर बसलाय तोच घेऊन जाणार असेल तर ते सगळ्यात सरळ, असं दायानांनी, म्हणजे बेथ दिनच्या न्यायाधीशांनी, सांगितलं. त्यांनी मला विचारलं: शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळता का? डोळ्यांनी नीट दिसतं का? दुसरा प्रश्न ऐकून मी चमकलो. मग कळलं की मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेल्या नियमसंग्रहात, गेट आणायला कोण चालत नाही याची यादीच आहे: मूकबधिर, वेडसर, अज्ञान मूल, आंधळा आणि परधर्मी. आंधळा नको, कारण शालियाखला ‘मी पाहिलं’ अशी साक्ष द्यायची असते. त्याच मिश्नामध्ये पुढे आहे की सासू, सवत अशा बायका, ज्यांच्यावर इतर बाबतींत वैराचा संशय घेतात, त्यांनी गेट आणला तरी चालतो. प्रत्यक्षात आज हे काम पुरुषांकडेच जातं, पण ग्रंथात जागा आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

त्या दिवशी खरा वेळ गेला तो नावांत. गेटमध्ये नवरा, बायको आणि दोघांचे वडील यांची नावं अचूक लागतात: तोरा वाचायला बोलावतात ते, घरात हाक मारतात ते, कागदावरचं, मित्रांमधलं. नाव चुकलं तर गेट दुसऱ्याच कुणाचा तरी ठरू शकतो. आमच्याकडे नावांचा केवढा पसारा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. सिनेगॉगमध्ये एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि घरी बाळ्या, बाबू, बेबी. तिला तर अख्खं पनवेल ‘बेबी’ म्हणूनच ओळखतं. दायानांनी मला विचारलं, लंडनमध्ये तिला या नावाने कोण हाक मारतं? आई, मावशी, मी. ती स्वतः फोनवर काय म्हणते? “बेबी बोलतेय.” हे ऐकल्यावर नाव लिहायचं ठरलं. मग ते हिब्रू अक्षरांत कसं लिहायचं यावर सोफेर, म्हणजे गेट लिहिणारा लेखनिक, आणि दायान यांची चर्चा झाली, एक योद (हिब्रूतलं ‘य’चं अक्षर) घालायचा की दोन. ‘बेबी’ दोनदा माझ्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं.

नवऱ्याच्या वडिलांवर सगळ्यात जास्त अडलं. कागदावर अब्राहम, पण आयुष्यभर सगळे त्यांना ‘आबा’ म्हणत. इथे हिब्रूत ‘अब्बा’ म्हणजे बाप. दायानांना वाटलं, मुलगा बापाला बाप म्हणतोय, ते नाव कसं होईल? मी सांगितलं की आमच्याकडे शेजारी, दूधवाला, पोस्टमन सगळेच त्यांना आबा म्हणायचे, आणि त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावानेही त्यांना कधी अब्राहम म्हटलं नाही. दायानांनी मान हलवून ते टिपून घेतलं. ज्यांना शालियाख व्हायचंय त्यांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना आधीच फोन करून सगळी हाकेची नावं लिहून न्यावीत. नवऱ्याला स्वतःला ती सगळी आठवत नाहीत. आपलं नावही पासपोर्टशी ताडून पाहावं, कारण मुखत्यारपत्रात शालियाखचं आणि त्याच्या वडिलांचं नाव येतं.

पुढची तारीख मिळाली २६ फेब्रुवारी, मंगळवार. मधल्या दिवसांत लंडनच्या बेथ दिनशी ईमेल करून ११ मार्चची वेळ ठरवली. इथल्या कचेरीने त्यांना वेगळं पत्रही पाठवलं. तिकडच्या फीचा आकडा मी लेखी मागवला आणि दोघांनाही कळवला. ती त्यांनी निम्मी-निम्मी भरली. शालियाखने या पैशांच्या मधे पडू नये. मी स्वतः काही घेतलं नाही. तेल अवीव ते ल्यूटन परतीचं तिकीट ११४० शेकेल पडलं, ते मी भरलं कारण मी तसाही जाणारच होतो. फक्त तारीख बदलायला पडलेले २८० शेकेल त्याने आग्रहाने दिले.

२६ तारखेला सकाळी नऊला आम्ही खोलीत बसलो. लांब टेबल, एका टोकाला दायान, बाजूला सोफेर, दोन साक्षीदार. साक्षीदार एकमेकांच्या नात्यातले नसावेत, नवरा-बायकोच्याही नसावेत, म्हणून ते न्यायालयानेच आणले होते. सोफेरने कागद, बोरूची लेखणी आणि शाई नवऱ्याला बक्षीस दिली. गेट नवऱ्याच्याच वस्तूंनी लिहिलेला लागतो. त्याने त्या उचलल्या, मग परत सोफेरच्या हातात देऊन म्हणाला, माझ्या नावाने, माझ्या बायकोच्या नावाने, फारकतीसाठी माझा गेट लिही. साक्षीदारांनाही सही करा म्हणून त्याने तोंडाने सांगितलं. फॉर्म भरून चालत नाही. गेट याच जोडप्यासाठी, याच हेतूने लिहावा लागतो. आधी छापून ठेवलेला रद्द.

मग लिहिणं सुरू झालं. बारा ओळी, अरामी भाषा, तोराच्या गुंडाळीत असतात तशी अक्षरं. कागदावर शाईशिवाय ओढलेल्या रेघा होत्या, तिरप्या उजेडात तेवढ्या दिसायच्या. मी सोफेरच्या डाव्या बाजूला दोन हातांवर बसलो होतो. बोरूचा कुरकुर आवाज, प्रत्येक शब्द लिहिण्याआधी तो ओठांत म्हणायचा ते, अक्षराला अक्षर लागू नये म्हणून तो कागदावर किती वाकायचा, हे सगळं बघणं हेच माझं काम होतं. अर्ध्यावर एका अक्षराचं टोक शेजारच्याला लागलं. त्याने तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कुणीही हुं की चूं केलं नाही. फोन मी बाहेरच्या कपाटात ठेवला होता, खोलीतून एकदाही उठलो नाही. चहा प्यायचा तर आधी पिऊन घ्या.

तारखेचंही महत्त्व मोठं. यहुदी वर्ष ५७७९ हे अधिक महिन्याचं होतं, म्हणजे दोन अदार. त्या दिवशी पहिल्या अदारची २१ तारीख होती, आणि नुसतं ‘अदार’ लिहून भागत नाही, कुठला ते स्पष्ट लागतं. गावाची ओळखही नदी, समुद्र, झरे यांवरून लिहितात. आणि लिहिणं आणि सह्या एकाच दिवशी, सूर्यास्ताच्या आत व्हायला हव्यात, कारण आमचा दिवस संध्याकाळी बदलतो. दिवसा लिहिलेला आणि रात्री सही झालेला गेट चालत नाही. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे दुसरा कागद घेतला तेव्हा माझं लक्ष खिडकीकडे गेलं, पण साडेअकराला सगळं आटोपलं होतं. शाई वाळल्यावर साक्षीदारांनी एकामागून एक सह्या केल्या, दुसऱ्याने पहिल्याची सही पाहत. मग गेट मोठ्याने वाचला.

सह्या झाल्यावर दायानांनी नवऱ्याला विचारलं, कुणी जबरदस्ती केली का? पूर्वी कुठे असा गेट रद्द करतो असं बोलून ठेवलंस का? त्याने साक्षीदारांसमोर सांगितलं की तसं काही असेल तर ते सगळं रद्द. हे विचारायचं कारण मिश्नामध्येच आहे. गेट बायकोच्या हातात पडेपर्यंत नवरा शालियाखला गाठून ‘मी रद्द केला’ म्हणू शकतो. जुन्या काळी नवरे दुसऱ्याच गावी बसून परस्पर रद्द करत. शालियाख बिचारा निघालेला असे, आणि बाईला वाटे आपण मोकळ्या झालो. त्या काळचे धर्मशास्त्री राब्बान गमलिएल (थोरले) यांनी ती वाट बंद केली. माझ्या बाजूने याचा अर्थ असा की लंडनला पोचेपर्यंत मी फक्त वाहक होतो. विमानात, रेल्वेत, मुलीच्या घरी, सगळीकडे ते दोघं नवरा-बायकोच होते. बायकोने आपल्या वतीने घेणारा माणूस नेमला तर त्याच्या हाती पडताच फारकत होते. तो शालियाखचा वेगळा प्रकार. मी नवऱ्याचा होतो, म्हणून तिच्या तळहातापर्यंत जायलाच हवं होतं.

नवऱ्याने घडी केलेला गेट माझ्या हातात दिला आणि दायान सांगतील तसं म्हणाला: हा गेट माझ्या बायकोला, जिथे भेटेल तिथे दे. तुझा हात माझा हात, तुझं तोंड माझं तोंड, तुझं करणं माझं करणं. आणि तुला जमलं नाही तर तू दुसरा नेम, त्याने तिसरा, शंभरापर्यंत. ते शंभर ऐकून मला धीर आला. मी आजारी पडलो, पाय मोडला, तरी बेथ दिनसमोर दुसऱ्याच्या हवाली करता येतं आणि तिचं काम अडत नाही. मुखत्यारपत्र, ज्याला हर्शाआ म्हणतात, ते वेगळं लिहून साक्षीदार आणि दायानांच्या सह्यांनी माझ्याकडे आलं. खोलीबाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बोलण्यासारखं काही नव्हतं. निघताना त्याने मुलासाठी एक खोका दिला. मी तो घेतला, पण गेट पोचल्यावरच देईन असं सांगितलं, आधी नाही. त्या दिवसापुरत्या दोन्ही गोष्टी वेगळ्या राहिलेल्या बऱ्या.

सांभाळायचं कसं हे दायानांनी समजावलं होतं. हरवून लगेच सापडला तर ठीक. उशिरा सापडला तर तो तोच आहे का हा प्रश्न उभा राहतो. मात्र ओळखीच्या पिशवीत किंवा डब्यात सापडला आणि मी ओळखला तर चालतो, हेही मिश्नामध्येच आहे. म्हणून मी लखोटा एका निळ्या झिपच्या पाऊचमध्ये ठेवला, पाऊच बनियनच्या आत गळ्यात. हर्शाआ हातातल्या बॅगेत, तिची झेरॉक्स मोठ्या बॅगेत. गेट मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

७ मार्चला बेन गुरियन विमानतळावर सुरक्षावाल्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला: कुणी तुमच्याकडे काही नेण्यासाठी दिलंय का? खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, हो, गेट आहे. तिला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. मग न्यायालयाचं पत्र दाखवलं. तिने वरिष्ठाला बोलावलं, तो धार्मिक ज्यू घालतात तशी टोपी घातलेला होता. त्याने पत्र वाचलं, लखोटा उघडायला लावला नाही, मशिनमधून पाऊच गेलं आणि तो म्हणाला, “बेहात्झलाखा,” यश येवो. पंधरा-वीस मिनिटं जास्त गेली. हे पत्र हाताशी, सगळ्यात वर असू द्या, आणि हिब्रूबरोबर इंग्रजीही मागून घ्या. ल्यूटनला नको होतं, पण लागलंही असतं.

मधे शब्बाथ आला. शुक्रवारी संध्याकाळी पाऊच मुलीच्या कपाटात कुलूपबंद केलं आणि शनिवारी रात्री हवदालानंतरच, म्हणजे शब्बाथ संपल्याच्या प्रार्थनेनंतर, बाहेर काढलं. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. दोन माणसांचं पुढचं आयुष्य शेजारच्या कपाटात आहे, असं सारखं वाटत राहिलं.

सोमवारी, ११ मार्चला सकाळी अश्दोदला फोन केला, हवापाण्याचं बोललो, एवढंच. नवरा जिवंत असतानाच गेट लागू होतो. शास्त्र म्हणतं की म्हातारा किंवा आजारी माणूस सोडून आलात तरी तो जिवंत आहे असंच धरून चाला. फोन माझ्या समाधानासाठी होता.

अकरा वाजता उत्तर लंडनमधल्या बेथ दिनच्या कचेरीत पोचलो. बेबी आईबरोबर आधीच येऊन बसली होती. वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, डबा आणला होता, माझ्यासाठी पोहे. कुणाच्याच घशाखाली उतरले नाहीत. आत तीन दायान, दोन साक्षीदार. आधी मला एकट्याला बोलावलं. नाव, गाव, कुणी नेमलं, कुठे, कुणासमोर. हर्शाआ तपासली, सह्या पाहिल्या, गेट उघडून अक्षर न् अक्षर वाचला. मग मला ते वाक्य म्हणायला सांगितलं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: “बेफानाय निख्ताव उवेफानाय नेख्ताम.” माझ्यासमोर लिहिला गेला आणि माझ्यासमोर सह्या झाल्या. मिश्नाचा गिट्टीन हा भाग याच वाक्याने सुरू होतो, परदेशाहून गेट आणणाऱ्याने हे म्हटलंच पाहिजे. इतक्या दुरून साक्षीदारांना बोलवायचं कसं? म्हणून एका शालियाखच्या शब्दावर भागवतात. त्याने हे म्हटल्यावर पुढे नवऱ्याने येऊन ‘खोटा आहे’ म्हटलं तरी ते ऐकत नाहीत. बाईला अधांतरी राहावं लागू नये म्हणून शास्त्रकर्त्यांनी केलेली ही सोय आहे. म्हणून लिहिताना डोळे उघडे ठेवायचे. बोरूचा आवाज मला त्या क्षणी कानात स्पष्ट ऐकू येत होता, त्यामुळे वाक्य म्हणताना जीभ अडखळली नाही. अर्थ विचारतात, मराठीत सांगितला असता, इंग्रजीत सांगितला.

मग तिला बोलावलं. तिची नावं, ‘बेबी’सुद्धा, विचारून घेतली, पासपोर्ट पाहिला. स्वतःच्या मर्जीने घेतेस का हे विचारलं. हजारएक वर्षांपूर्वी राब्बेनू गेर्शोम या धर्मगुरूने बाईच्या मर्जीविरुद्ध गेट देण्यावर बंदी घातली, तेव्हापासून हे विचारलं जातं. तिने अंगठी काढून आईकडे दिली, बांगड्या कोपराकडे सरकवल्या. दोन्ही तळहात जोडून पसरायचे, बोटं वर करून झेलायचं नाही, हे दायानांनी दोनदा समजावलं. मी समोर उभा राहिलो आणि म्हणालो: हा तुझा गेट, तुझ्या नवऱ्याने पाठवलेला, घे, याने आत्तापासून तू त्याच्यापासून फारकत झालीस आणि कुणाही पुरुषाशी लग्नाला मोकळी आहेस. आणि वरून सोडला. कागद इतका हलका की तिच्या हातांवर पडल्याचा आवाजही झाला नाही. तिने मुठी मिटल्या, हात वर उचलले, गेट काखेत धरून दरवाज्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. चालताना तिचे खांदे हलत होते. मी जमिनीकडे पाहत राहिलो. ही लहानपणापासून पाहिलेली मुलगी, आणि तिला ‘तू मोकळी’ म्हणणारा मी. पण म्हणणारा मी नव्हतो, तो होता. माझं फक्त तोंड. हे मी स्वतःला सारखं बजावत होतो आणि त्याचा खरोखर आधार वाटला.

दायानांनी गेट परत घेऊन पुन्हा वाचला, मग कात्रीने आडवा-उभा कापून फाइलमध्ये ठेवला, म्हणजे पुढे कुणी त्यात खोट काढू नये. तिला सांगितलं की दुसरं लग्न करायचं झालं तर ९२ दिवस थांबावं लागेल, मधे गर्भ असला तर कुणाचा हा प्रश्न राहू नये म्हणून. आणि कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला, असलेल्याशी आता लग्न करता येणार नाही. सगळं मिळून तासाभराच्या आतबाहेर. बाहेर वहिनींनी तिला जवळ घेतलं. मी खोका मुलाला नेऊन दिला, त्याच संध्याकाळी.

तिला बेथ दिनचा दाखला चार दिवसांनी टपालाने आला. तिने इंग्रजी प्रत मागितली ती वकिलाला लागली. सरकारी कोर्टाचा शेवटचा हुकूम मे महिन्यात झाला. लंडनहून इथल्या न्यायालयाला कळवायला आणि इथे फाइल हलायला वेळ लागला. नवऱ्याला त्याचा दाखला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिळाला आणि त्यावरून गृहखात्याच्या नोंदीत बदल झाला. शालियाख म्हणून तुम्ही परतलात की आपणहून न्यायालयात जाऊन पोचवल्याची तारीख सांगा, पत्राची वाट पाहत बसू नका. गेट कुणालाही घरी मिळत नाही, तो कापलेला तिथेच राहतो. हातात राहतो तो दाखला. त्याची मूळ प्रत आणि फाइल क्रमांक दोघांनीही जपून ठेवायला हवा, कारण पुढे त्यांचा मुलगा इथे लग्नाची नोंद करायला रब्बानुतमध्ये, म्हणजे धर्मगुरूंच्या सरकारी कचेरीत, जाईल, आणि आई किंवा वडिलांनी पुन्हा लग्न केलेलं असेल, तर हाच कागद मागतील.